होस्टेलची काच नको, जिना बघा

भोकरहून मुलाला किंवा मुलीला नीटच्या क्लाससाठी नांदेडला नाहीतर लातूरला ठेवणार असाल, तर होस्टेल बघायला मे महिन्यातल्या दुपारी जा. सकाळी सगळ्याच खोल्या गार असतात. पश्चिमेला पूर्ण काच असलेली खोली चार वाजता भट्टी होते. मग एसी लागतो आणि छुपा खर्च तिथूनच सुरू होतो. सबमीटरचा दर युनिटला किती, हे भाड्याआधी विचारा. महावितरणचं बिल मागा, दर ताडून बघा.

आता रस्त्यावर उभं राहून इमारत बघा. चकाकणारे पत्रे म्हणजे बहुधा एसीपी: अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लास्टिकचा थर. साधा थर पेट घेतो. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला असंच आवरण होतं; १४ जून २०१७ च्या आगीत ७२ जण गेले. अग्निरोधक एसीपी मिळतो, पण नुसत्या नजरेला ओळखू येत नाही. मालकाकडे खरेदीचं बिल आणि चाचणीचं प्रमाणपत्र मागा. ‘सगळं फायरप्रूफ आहे’ हे तोंडी उत्तर धरू नका.

खिडकी उघडते का? हात लावून बघा. ग्रीलला उघडणारी चौकट आहे का, किल्ली कुणाकडे? क्लासच्या फ्लेक्सने खिडक्या झाकल्यात का? दुसरा जिना दाखवला तर स्वतः उतरा. गाद्या, पाण्याचे जार, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या तिथेच रचलेल्या सापडतात. गच्चीच्या दाराला कुलूप असेल तर रात्री ते कोण उघडतं, हे विचारा. सुरतच्या तक्षशिला इमारतीत २४ मे २०१९ च्या आगीत २२ विद्यार्थी गेले, ते वरच्या मजल्यावरच्या क्लासमध्ये अडकून.

कागद दोन: भोगवटा प्रमाणपत्र आणि ‘फॉर्म बी’. २००६ च्या राज्य अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे मालकाने आगीची यंत्रणा चालू असल्याचा हा दाखला जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून घ्यायचा असतो. तारीख वाचा. फ्रेम करून भिंतीवर लावलेला तीन वर्षांपूर्वीचा कागद चालत नाही.

बिलात जीएसटी लावला तर अडवा: महिना २०,००० रुपयांपर्यंतचं भाडं आणि सलग ९० दिवस मुक्काम असेल तर जुलै २०२४ पासून माफी आहे. डिपॉझिटची पावती घ्या. रंगकामाची कपात किती, ते तिच्यावरच लिहून घ्या.

मालक कागद दाखवत नसेल तर महापालिकेच्या अग्निशमन विभागाकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाका. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, प्रतीला पानामागे २ रुपये, उत्तराला ३० दिवस. त्यामुळे दहावीच्या निकालाची वाट न बघता अर्ज आधीच टाका.