छायाचित्र आणि शेतीवार्ता : जंतरमंतरचा धडा

मार्च २०१७ मध्ये पी. अय्याकण्णू यांच्या नेतृत्वाखाली तमिळनाडूतील शेतकरी नवी दिल्लीतील जंतरमंतर येथे धरणे धरून बसले. त्यांनी मानवी कवट्या समोर मांडल्या. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या त्या कवट्या असल्याचे ते सांगत. काहींनी दातांत उंदीर धरले. दिल्लीकरांना तमिळ कळत नव्हते. तरीही ही छायाचित्रे समाजमाध्यमांतून देशभर पोहोचली.

मात्र संकटाचे कारण छायाचित्रात नव्हते. तमिळनाडूचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांपासून मिळतो. २०१६ मध्ये तो सरासरीपेक्षा सुमारे ६२ टक्के कमी पडला. कर्जमाफी, दुष्काळी मदत व कावेरीचे पाणी या मागण्यांमागे ही तूट होती. केवळ कवटी पाहणाऱ्यास दुःख दिसले, दुष्काळ समजला नाही.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चाललेल्या शेतकऱ्यांच्या सोललेल्या तळपायांची छायाचित्रेही अशीच पसरली. पायपिटीचे कष्ट त्यांत आपोआप उमटले होते. वनजमिनीच्या हक्काची मागणी मात्र शब्दांनीच सांगावी लागली. नजर थांबवणे हे छायाचित्राचे काम, तर अर्थ पोहोचवणे हे छायाचित्रओळीचे.

विस्तार कार्यकर्त्यांनी व शेतकऱ्यांनी पुढील बाबी पाळाव्यात :

१. नुकसानीची किमान दोन छायाचित्रे घ्यावीत : एक रोगग्रस्त पानाचे किंवा बोंडाचे जवळून, दुसरे संपूर्ण शेताचे. केवळ जवळच्या चित्रावरून प्रादुर्भावाची व्याप्ती कळत नाही.

२. छायाचित्रओळीत गाव, तालुका, दिनांक, पीक, वाण, पिकाची अवस्था व नुकसानीचे कारण लिहावे. कारण निश्चित नसल्यास तसे नमूद करावे.

३. व्यक्तीचे छायाचित्र तिच्या संमतीनेच घ्यावे व प्रसारित करावे.

४. मूळ छायाचित्र जपून ठेवावे. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या छायाचित्राची प्रत घटते आणि त्यातील दिनांक व स्थळाची नोंद निघून जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास ती टिकते.

५. मागील हंगामाचे किंवा दुसऱ्या जिल्ह्याचे छायाचित्र चालू घटनेसाठी वापरू नये. असा एक प्रकार उघड झाला, की त्या भागातील खऱ्या नुकसानीवरही कोणी विश्वास ठेवत नाही.