आधी गिऱ्हाईक, मग साचा

व्हिडिओतली 'बीएलएफ जीटी' टॉर्च आठवतेय ना? टॉर्चवेड्या हौशी मंडळींनी मिळून ती डिझाइन केली, बनवली चीनच्या ल्युमिनटॉपने. ध्येय एकच: लांब झोत, १० लाख कँडेला. हिशेब सोपा आहे. कँडेलाला ०.२५ लक्सने भागा, वर्गमूळ काढा: २,००० मीटर! तिथे उजेड पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उरतो. त्यासाठी मोठा रिफ्लेक्टर आणि आठ सेल लागले. टॉर्च जड झाली, पण घेणाऱ्यांना ते आधीच मान्य होतं.

आपण उलटं करतो. कर्ज काढून साचा बनवतो, मग गिऱ्हाईक शोधतो. माल पडून राहिला तरी हप्ता थांबत नाही.

गृहपाठ: साच्याला पैसे देण्याआधी दहा गिऱ्हाइकांना विचारा, "एकच गुण हवा, तर कोणता?" आणि ॲडव्हान्स घ्या. नुसतं 'हो' फुकट असतं.