जुन्या मोटारींतील हीटरचा पंखा

पहाटे माल घेऊन बाजारास निघावें आणि पुढील कांच आंतून वाफेनें धूसर व्हावी, हा अनुभव पावसाळ्यांत व थंडींत पुष्कळांस येतो. त्या वेळीं हीटरचा पंखा बंद असेल तर अपघाताचें भय असतें. पंखा बिघडला कीं त्याची मोटरच बदलावी, हा समज आम्हांस मान्य नाहीं. पंपाचें पाणी कमी आलें म्हणून कोणी दुसरी विहीर खोदीत नाहीं. आधीं फूटव्हॉल्व्ह पाहतो.

पंखा केवळ सर्वांत मोठ्या वेगावरच फिरत असेल तर बहुधा रेझिस्टर जळालेला असतो. लहान वेगांची वीज त्यांतून जाते, मोठ्या वेगाची थेट जाते. पंख्याच्याच हवेनें तो थंड राहावा म्हणून बहुधा हवेच्या मार्गांतच बसविलेला असतो.

पंखा मुळींच फिरत नसेल तर प्रथम फ्यूज पाहावा. मग मोटरीपर्यंत वीज पोंचते कीं नाहीं व अर्थची तार घट्ट आहे कीं नाहीं, हें टेस्ट-लॅम्पनें तपासावें. दोन्ही ठीक असल्यास बॅटरीची तार सोडून पंखा हातानें फिरवावा. तो जड फिरल्यास अडकलेला पालापाचोळा काढावा. हलका फिरल्यास मोटरीचे कार्बन-ब्रश झिजले आहेत काय, तें पाहावें.

जड फिरणारी मोटर अधिक वीज ओढते व नवा रेझिस्टरही जाळते. फ्यूज वारंवार जळतो म्हणून मोठा फ्यूज मात्र कदापि घालूं नये. त्यानें तारा तापून गाडी पेटण्याचा संभव असतो.