मूत्रपिंड, प्लास्टिक आणि वैशाखातले ऊन

तेंदूपत्त्याचा हंगाम तोंडावर आला की लघवीची जळजळ, मुतखड्याच्या कळा आणि पायांवरची सूज या तक्रारी घेऊन येणाऱ्यांची आमच्याकडे रीघ लागते. अलीकडे मात्र या तक्रारींच्या जोडीला एक नवाच प्रश्न ऐकू येऊ लागला आहे, तो म्हणजे, ‘डॉक्टरसाहेब, पोटात प्लास्टिक जाऊन किडनी फेल होते म्हणतात, ते खरं का?’ मोबाइलवरच्या चित्रफितींनी हा प्रश्न ब्रह्मपुरीपासून सिरोंच्यापर्यंत पोचविला आहे, आणि तो अस्थानी नसल्यामुळे त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देणे प्राप्त आहे.

सूक्ष्म प्लास्टिक म्हणजे ५ मिलिमीटरांहून लहान असे प्लास्टिकचे कण. त्यांतील पुष्कळसे नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत. उन्हात तडकलेल्या पन्नीचा भुगा होतो, खनिजाने लादलेल्या ट्रकांचे टायर रस्त्यावर झिजतात, पॉलिस्टरची साडी धुताना तिचे तंतू पाण्यात उतरतात, आणि हे सारे अन्न, पाणी व श्वास या तिन्ही वाटांनी देहात शिरते. २०२२ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी २२ निरोगी रक्तदात्यांचे रक्त तपासले, तेव्हा १७ जणांच्या रक्तात प्लास्टिक आढळले; २०२४ साली इटलीतील वैद्यांनी मानेच्या रोहिणीतून काढलेले मेदाचे थर तपासले असता २५७ रुग्णांपैकी १५० जणांच्या थरांत पॉलिएथिलीन सापडले, आणि पुढील सुमारे तीन वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचा धोका या लोकांत इतरांच्या साडेचार पट दिसला.

मूत्रपिंडाचे प्रकरण याहून नाजूक आहे. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पंचमांश हिस्सा या दोन लहानशा अवयवांकडे जातो आणि दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव त्यांतून गाळला जातो, तेव्हा रक्तात जे जे फिरते ते मूत्रपिंडाच्या दारी येणार, हे ओघानेच आले. त्या गाळणीची छिद्रे इतकी बारीक की मायक्रॉनच्या मापाचा कण त्यांतून पलीकडे जाऊ नये. तरीही २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मानवी मूत्रपिंडाच्या ऊतींत आणि मूत्रातही असे कण मिळाले. उंदरांना पॉलिस्टायरिनचे कण पाजले असता ते मूत्रपिंडात साचतात आणि तेथे दाह उत्पन्न करतात, हेही प्रयोगांनी दिसले आहे. परंतु उंदरांना दिलेली मात्रा माणसाच्या पोटात जाणाऱ्या मात्रेहून बहुधा पुष्कळ मोठी असते, आणि प्रयोगशाळेतील हातमोजे व नळ्या याच प्लास्टिकच्या असल्यामुळे मोजणीत खोट शिरण्याचा संभव राहतो. सबब माझा अभिप्राय असा की, प्लास्टिकवर संशय घेण्यास सबळ कारण आहे, पण अमक्या माणसाची किडनी त्यानेच गेली असा दाखला देण्याइतका पुरावा आजमितीस कोणाच्याही दप्तरी नाही. शरीरातले प्लास्टिक काढून टाकतो म्हणून कोणी काढा वा चूर्ण विकत असेल, तर पैसे गाठीलाच ठेवावेत. ठावठिकाणा नसलेल्या चूर्णांतील जड धातूंनी मूत्रपिंडे बिघडतात, हे मात्र पुराव्यानिशी सिद्ध आहे.

संशय आहे तोवर सावध राहावे, विशेषतः जेथे सावधगिरीला फारसा पैसा लागत नाही तेथे. आपल्याकडे चहा पन्नीत बांधून नेण्याची रीत पडून गेली आहे. टपरीवाला उकळता चहा गंजातून थेट पातळ पन्नीत ओततो, तोंडाशी पीळ देऊन गाठ मारतो, ती फुगलेली पन्नी दोन बोटांत लोंबकळत कचेरीत किंवा तेंदूपत्त्याच्या फळीवर जाते, आणि तेथे तिचा कोपरा फाडून चहा कागदी कपांत वाटला जातो. म्हणजे एकाच चहावर प्लास्टिकचे दोन संस्कार होतात, कारण त्या कपालाही आतून प्लास्टिकचेच अस्तर असते. खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी २०२० साली दाखवून दिले की ८५ ते ९० अंशांचे १०० मिलिलिटर पाणी अशा कपात १५ मिनिटे राहिले, तर त्यात सुमारे २५ हजार सूक्ष्म कण उतरतात. राज्य शासनाने प्लास्टिकबंदीचा हुकूम २०१८ साली काढला, पण तो टपरीपर्यंत अजून पोचलेला दिसत नाही. आपण आपला स्टीलचा डबा न्यावा हे उत्तम. ज्या मुलखात पळसाच्या पानांची वाण नाही, तेथे लग्नाच्या पंगतीत चंदेरी मुलाम्याच्या द्रोणात उकळते वरण वाढावे, हे मला तरी पटत नाही.

आता जे सिद्ध आहे त्याकडे वळू, कारण प्लास्टिकच्या भयापायी तेच नजरेआड होण्याची मला अधिक धास्ती वाटते. रक्तदाब आणि मधुमेह हे मूत्रपिंडाचे जुने वैरी सर्वांना ठाऊक आहेत. पण चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर असताना पहाटेपासून पाने तोडणारी बाई दुपारपर्यंत तांब्याभर पाण्यावर राहते, संध्याकाळी अंग ठणकते म्हणून किराणा दुकानातून डायक्लोफिनॅकची गोळी घेते, आणि हा क्रम हंगामभर चालतो, तेव्हा सुकलेल्या देहातील त्या गोळीचा आघात नेमका मूत्रपिंडावर होतो. त्यातून सिकलसेल चंद्रपूर व गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत पुष्कळ घरांत आहे. त्या रोगात मूत्रपिंडातील बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, मूत्र घट्ट करण्याची शक्ती कमी होते, आणि अंगातले पाणी आटत असतानाही लघवी होतच राहते. अशा माणसाला तहान लागण्याची वाट पाहून चालत नाही, आणि त्याची लघवी लाल दिसली तर ‘उष्णता झाली’ म्हणून घरी बसणे धोक्याचे आहे.

म्हणून प्लास्टिकच्या भीतीने पाणी पिणे कमी करू नका. हाताशी प्लास्टिकची बाटलीच असेल तर तिच्यातले पाणी बेशक प्या, फक्त ती उन्हात तापू देऊ नका. माडिया लोक रानात जाताना भोपळ्याच्या तुंब्यात आंबील नेतात, तो तुंबा मिळत असेल तर त्याहून चांगले. ज्यांच्या विहिरीचे पाणी जड आहे त्यांना एक सोपा उपाय आहे: चीनमधील संशोधकांना २०२४ साली असे आढळले की जड पाणी पाच मिनिटे उकळले असता तळाशी धरणाऱ्या चुन्यात हे कण अडकून बसतात, आणि निवल्यावर पाणी गाळून घेतले तर त्यांतील बहुतांश निघून जातात. परंतु उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते. आणि देहातील फ्लोराइड बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडाचेच असल्यामुळे दुबळ्या मूत्रपिंडाला ते अधिक जाचते. चंद्रपूर जिल्ह्यातील अनेक गावांच्या बोअरला फ्लोराइड आहे, लिटरमागे १.५ मिलिग्रॅम ही त्याची कमाल मर्यादा. आपल्या बोअरचा तपासणी अहवाल ग्रामपंचायतीत मागून पाहा. ज्यांना आधीच मूत्रपिंडाचा विकार आहे किंवा ज्यांचे डायलिसिस चालू आहे, त्यांनी मात्र पाणी किती प्यावे हे आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.

चाळिशी उलटलेल्या, रक्तदाब वा मधुमेह असलेल्या आणि सिकलसेलच्या प्रत्येक माणसाने वर्षातून एकदा रक्तदाब, साखर, लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे; प्राथमिक आरोग्य केंद्रात सारे होत नसेल तर ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात जावे. पायांवर सूज दिसेपर्यंत थांबू नका. ती दिसते तेव्हा मूत्रपिंडाचे बरेचसे काम बहुधा गेलेले असते.