चित्रपटातील संवाद आणि रोजची इंग्रजी

२०१२ साली प्रदर्शित झालेला 'इंग्लिश विंग्लिश' हा हिंदी चित्रपट आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. गौरी शिंदे यांनी दिग्दर्शित केलेल्या या पहिल्याच चित्रपटात श्रीदेवी यांनी शशी गोडबोले या गृहिणीची भूमिका केली आहे. शशी उत्तम लाडू करते व ते विकून चार पैसेही मिळवते. पण 'जॅझ' या शब्दाचा उच्चार तिला साधत नाही, तेव्हा तिच्याच घरची माणसे हसतात. पुढे भाचीच्या लग्नासाठी ती न्यूयॉर्कला जाते. तेथील एका उपाहारगृहात कॉफी मागताना समोरून भराभर आलेल्या प्रश्नांनी ती गोंधळून जाते.

शशीचे अडले कोठे? 'कॉफी' आणि 'वॉटर' हे शब्द तिच्या ओळखीचेच होते. अडचण होती वेगाची. शब्दकोशात सुटे उभे असलेले शब्द बोलण्यात एकमेकांना चिकटतात. 'वॉट आर यू गोइंग टू डू' हे वहीतील वाक्य बोलणाऱ्याच्या तोंडून 'वॉटर्यू गॉना डू' असे काहीसे ऐकू येते. ज्याने ते केवळ वाचले आहे, त्याला ती निराळीच भाषा वाटते. म्हणूनच शिकवणीच्या जोडीला शशी रात्री इंग्रजी चित्रपट पाहू लागते. चित्रपटातील पात्र तेच वाक्य दहा वेळा ऐकवते आणि आपण चुकलो तरी हसत नाही. प्रौढ वयात शिकणाऱ्याला ही सोय लहान नव्हे.

संवादातून शब्दाबरोबर त्याचा प्रसंगही कळतो. 'सॉरी' हा शब्द घ्या. गर्दीत धक्का लागला, की 'सॉरी'. कोणाच्या घरी मृत्यू झाल्याचे कळले, की सांत्वनासाठीही 'सॉरी'. तेथे आपण काही अपराध केलेला नसतो. आणि समोरच्याचे बोलणे नीट ऐकू आले नाही, की स्वर शेवटी किंचित वर चढवून विचारलेले 'सॉरी?'. शब्दकोशात हे तिन्ही अर्थ सापडतील, परंतु स्वर सापडणार नाही. पाणी मागण्याचेही तसेच. 'आय वॉन्ट वॉटर' हे व्याकरणदृष्ट्या निर्दोष वाक्य आहे, तरी अनोळखी माणसाला ते हुकमासारखे वाटते. तेथे 'कुड आय हॅव सम वॉटर, प्लीज' असे म्हणतात. मराठीत आपण 'जरा पाणी देता का' असे म्हणतो. त्या 'जरा'चे काम इंग्रजीत 'कुड' आणि 'प्लीज' करतात.

आपल्याला इंग्रजीतील शेकडो शब्द आधीच येतात, ही जमेची बाजू. मात्र मराठीत रुळताना त्यांतील काहींनी आपला अर्थ बदलला आहे. आपण जेवायला 'हॉटेलात' जातो. इंग्रजी चित्रपटातील पात्र हॉटेलात मुक्कामाला जाते आणि जेवायला रेस्टॉरंटमध्ये. आपल्याकडे 'लाइट जाते', त्यांच्याकडे 'पॉवर' जाते. गाडीच्या 'डिकी'ला अमेरिकेत 'ट्रंक' म्हणतात, तर इंग्लंडमध्ये 'बूट'. असे ओळखीचे शब्द अनोळखी होऊन समोर आले, की ते चटकन लक्षात राहतात.

आता पाहावे कसे? संपूर्ण चित्रपट एका बैठकीत पाहिला तर करमणूक होईल, शिक्षण फारसे होणार नाही. दोन-तीन मिनिटांचा एकच प्रसंग निवडावा. तो प्रथम नुसता पाहावा व काय घडले असेल याचा अंदाज बांधावा. नंतर इंग्रजी संवादाखाली इंग्रजी ओळी ठेवून तो पुन्हा पाहावा. ओळी मराठीत वा हिंदीत असतील तर कथा समजते, पण कान आळशी होतो. ज्या भाषेत संवाद, त्याच भाषेत ओळी, ही कल्पना आपल्या देशात अन्य कामीही आली आहे. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील ब्रिज कोठारी यांनी १९९६ च्या सुमारास ती मांडली. पुढे दूरदर्शनवरील चित्रगीतांखाली त्याच भाषेतील ओळी दाखवून नवसाक्षरांना वाचनाचा सराव देण्यात आला. शेवटी ओळी झाकून, पात्राबरोबर मोठ्याने बोलावे. मनातल्या मनात बोलून जीभ वळत नाही.

निवड मात्र जपून करावी. युद्धाचे, न्यायालयाचे किंवा राजेरजवाड्यांचे चित्रपट कितीही भव्य असले, तरी त्यांतील भाषा बाजारात चालत नाही. गुन्हेगारीपटांतील शिव्या तर लगेच तोंडी बसतात आणि नको तेथे बाहेर पडतात! घर, दुकान, कचेरी, दवाखाना असे प्रसंग असलेला साधा चित्रपट बरा.

करून पाहा : एखाद्या इंग्रजी चित्रपटातील दुकानाचा अथवा दवाखान्याचा प्रसंग तीन वेळा पाहा. त्यात कोणी काही मागितले असेल, ते वाक्य जसे ऐकू आले तसे देवनागरीत लिहा. मग ओळींशी ताडून पाहा व कोणते शब्द एकमेकांत मिसळले ते अधोरेखित करा. तेच मागणे आपण मराठीत आईजवळ, शेजाऱ्यांजवळ आणि अनोळखी दुकानदाराजवळ कसे कराल, तेही तीन वाक्यांत लिहा.