अजिंठ्याची छायाचित्रे

मुलांनो, या पाठासोबत दिलेले छायाचित्र नीट न्याहाळा. घोड्याच्या नालासारखा वळलेला एक उंच कडा तुम्हांला दिसेल. त्याच्या पायथ्याशी वाघूर नदी वाहते. कड्यावर खांबांची जी रांग दिसते, ती दगडावर दगड रचून उभारलेली नाही. कारागिरांनी अखंड कातळातील नको तो भाग छिन्नीने काढून टाकला. जे उरले, तेच खांब झाले, तेच छत आणि त्याच मूर्ती! ही अजिंठ्याची बौद्ध लेणी होत. त्यांतील सर्वांत जुनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत.

लेण्यांच्या भिंतींवर अनुपम रंगचित्रे आहेत. पहिल्या लेण्यातील कमळधारी पद्मपाणीच्या मुखावरील करुणा पाहून मन आजही शांत होते. कालांतराने रानाने ही लेणी झाकून टाकली. १८१९ साली जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीसाठी तेथे आला असता ती त्याच्या दृष्टीस पडली. जगाला त्यांची ओळख झाली खरी. परंतु त्यानेच दहाव्या लेण्यातील रंगविलेल्या खांबावर आपले नाव व तारीख कोरून ठेवली! तो ओरखडा अद्याप पुसला गेलेला नाही.

पुढे रॉबर्ट गिल नावाचा लष्करी अधिकारी चित्रांच्या नकला करण्यासाठी तेथे आला. त्याने अनेक वर्षे खपून मोठमोठ्या कापडांवर तैलरंगांत नकला उतरविल्या. त्या लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. १८६६ साली त्या इमारतीस आग लागली आणि बहुतेक नकला जळाल्या. नंतर मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली नव्या नकला केल्या. त्यांपैकीही कित्येक १८८५ साली लंडनमधील आगीत नष्ट झाल्या.

गिलने मात्र आणखी एक काम केले होते. त्याने लेण्यांची छायाचित्रे घेतली होती. १८६४ साली प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथात त्याची ७४ छायाचित्रे आहेत. त्यांत रंग नाहीत. तरी ती विश्वासू साक्षीदारच होत. जुने व नवे छायाचित्र शेजारी ठेवले, की काय ढासळले, कोठे डागडुजी झाली, हे समजते.

परंतु साक्षीदार कितीही विश्वासू असला, तरी गेलेली वस्तू तो परत आणू शकत नाही. नकला जळाल्या, तेव्हा मूळ चित्रे भिंतींवर होती, म्हणून त्या पुन्हा करता आल्या. मूळ चित्रेच नाहीशी झाली, तर नकला कशावरून करणार? म्हणून अजिंठ्यास जाल, तेव्हा डोळे भरून पाहा. पण भिंतीला हात लावू नका. आपले नाव तेथे नसले, तरी चालेल. पद्मपाणी मात्र तेथे असलाच पाहिजे.

स्वाध्याय

१. लेणे व बांधलेले देऊळ यांत कोणता फरक आहे?
२. लेखकाने छायाचित्रांना ‘विश्वासू साक्षीदार’ का म्हटले आहे?
३. आपल्या गावातील एखाद्या देवळाचे, वाड्याचे किंवा बारवेचे जुने छायाचित्र मिळवा. त्या वास्तूत आज कोणते बदल झाले आहेत, ते पाहून लिहा.