काठावर उरलेला रोग दाखवणारा उजेड



उसाच्या फडात काणीचं बेट दिसलं की आपण काय करतो? नुसता चाबूक छाटून भागत नाही. सगळं बेट मुळासकट खणून काढतो. थोडं जरी राहिलं तरी खोडव्यात रोग पुन्हा डोकं वर काढतो. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन करताना डॉक्टरांपुढे असाच प्रश्न असतो. या पाठात तो आपण समजून घेऊ.

अडचण कुठे येते?

गाठ लहान असली तर पुष्कळदा सगळा स्तन काढावा लागत नाही. गाठ व तिच्या भोवतीचा थोडा चांगला भाग काढतात आणि पुढे बहुधा किरणोपचार देतात. काढलेला भाग प्रयोगशाळेत जातो. तिथे त्याचा काठ सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. काठावर रोगाच्या पेशी सापडल्या तर आत काही राहिलं असण्याचा संभव असतो. पण रिपोर्ट यायला काही दिवस लागतात. तोवर टाके पडलेले असतात, बाई घरी आलेली असते. मग पुन्हा भूल, पुन्हा ऑपरेशन, पुन्हा खर्च.

चकाकणारं औषध

थोड्याशा रोगी पेशी नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि बोटांनाही लागत नाहीत. त्यासाठी अमेरिकेत पेगुलिसियानिन नावाचं औषध निघालं. ऑपरेशनमधल्या तपासणीच्या २ ते ६ तास आधी ते शिरेतून देतात. त्यात चकाकणारा रंग असतो, पण त्यावर जणू झाकण घातलेलं असतं. कर्करोगाच्या जागी काही एन्झाइमं जास्त असतात. ती हे झाकण तोडतात. गाठ काढल्यावर डॉक्टर त्या पोकळीत हातात धरायचा लहान कॅमेरा घालतात. त्याचा उजेड पडला की संशयित जागा चकाकते व पडद्यावर दिसते. तेवढा भाग तिथल्या तिथे काढता येतो.

अनुभव काय आला?

अमेरिकेतल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यात ३५७ स्त्रियांवर ही पद्धत वापरली होती. नेहमीचं ऑपरेशन झाल्यावरही मागे राहिलेला रोग २७ जणींमध्ये या उजेडाने सापडला आणि काढला गेला. त्यांपैकी १९ जणींचा काठ नेहमीच्या तपासणीत स्वच्छ आला होता! काठावर रोग निघालेल्या ६२ जणी होत्या, त्यांतल्या ९ जणींचं दुसरं ऑपरेशन टळलं. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकन सरकारच्या औषध खात्याने या औषधाला मान्यता दिली.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उरलेला रोग या उजेडात निम्म्याच्या आसपासच सापडतो. कधी निरोगी भागही चकाकतो. क्वचित औषधाची जिवावर बेतणारी ॲलर्जी येते. म्हणून प्रयोगशाळेची तपासणी सुटत नाही.

आपण काय लक्षात ठेवायचं?

१. गाठ दुखत नाही म्हणून ती साधी, असं समजू नये. काखेतही हात लावून पाहावं.
२. ‘गाळप हंगाम संपला की दाखवू’ असं म्हणू नये. गाठ लहान असतानाच स्तन वाचण्याची संधी जास्त.
३. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांना स्पष्ट विचारावं, “काठ स्वच्छ आला का?” रिपोर्ट जपून ठेवावा.

आपल्याकडे बाई लाजेपोटी बोलत नाही आणि घरचे विचारत नाहीत. म्हणून सभासदांना आमची विनंती आहे, हा पाठ स्वतः वाचून ठेवून देऊ नका, घरात सगळ्यांना वाचून दाखवा.